मोझार्ट वाचून खट्टू झालेल्या मुलीसाठी पुस्तकं

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. दीड वर्षापासून व्हायोलिन शिकते, हौस तिचीच. मध्यंतरी तिला मुलांसाठी लिहिलेलं मोझार्ट या युरोपीय संगीतकाराचं चरित्र भेट मिळालं. ते वाचल्यापासून ती रियाज टाळते. 'तो पाच वर्षांचा असताना स्वतःच्या रचना करायचा, माझे अजून सूरही नीट लागत नाहीत,' म्हणते. तिला पुन्हा गोडी लागेल अशी पुस्तकं सुचवाल का? – एक आई

उत्तर: तुमच्या मुलीने पुस्तक मनापासून वाचलंय, म्हणून तर तिला ते इतकं लागलं. उणीव आहे ती त्या पुस्तकात. मी व्हायोलिन शिकवते आणि मुलांची पुस्तकं सतत वाचत असते. अशा चरित्रांत मुलगा वाद्याला हात लावतो आणि पुढच्या पानावर राजदरबारात वाजवतो. मधली वर्षं गायब! मोझार्टचा जन्म १७५६चा. त्याचे वडील लिओपोल्ड हे व्हायोलिनचे नावाजलेले शिक्षक, आणि व्हायोलिन कसं शिकवावं यावरचं त्यांचं पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झालं. थोरली बहीण नानर्ल घरात वाजवायची, तिचे धडे कानावर पडत. त्या पाचव्या वर्षीच्या रचनासुद्धा वहीत उतरवल्या आहेत त्या वडिलांच्या अक्षरात. हे सगळं मुलीला जरूर सांगा.

आता पुस्तकं. पहिलं लिंडा अर्बन यांचं 'अ क्रुकेड काइंड ऑफ परफेक्ट' (२००७). दहा वर्षांच्या झोईला पियानो हवा असतो, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या नामांकित सभागृहात वाजवायची स्वप्नं ती बघते, आणि वडील घरी आणतात इलेक्ट्रिक ऑर्गन. मग त्याच ऑर्गनवर शिकणं, शिकवणीच्या बाई, स्पर्धेची तयारी. प्रकरणं अगदी छोटी, काही तर पानभराचीही नाहीत. मला हे पुस्तक फार जवळचं वाटतं, कारण झोईला अलौकिक देणगी वगैरे काही नाही. ती चुकते, चिडते, पुन्हा वाजवायला बसते. गज तारेवर करकरतो, चौथं बोट जागेवर पोहोचत नाही, अशा दिवसांत मुलांना सोबत लागते ती अशाच कुणाची तरी.

दुसरं रेचल इसाडोरा यांचं चित्रपुस्तक 'बेन्स ट्रम्पेट' (१९७९). बेनकडे ट्रम्पेट नाही. जवळच्या जॅझ क्लबमधलं संगीत ऐकत तो हवेतच बोटं चालवतो, मुलं त्याला हसतात. पुढे तिथला ट्रम्पेटवादक त्याला बोलावून घेतो. काळ्यापांढऱ्या चित्रांत संगीताच्या लाटा अक्षरशः दिसतात. नऊ वर्षांची मुलगी चित्रपुस्तकासाठी मोठी झाली, असं मी मुळीच मानत नाही.

मार्गारिटा एंगल यांचं 'ड्रम ड्रीम गर्ल' (२०१५) क्यूबात घडतं. मुलींनी ड्रम वाजवायचे नाहीत असा दंडक असतानाही ते शिकणाऱ्या मिलो कास्त्रो साल्दारियागा हिच्या बालपणावरून ते सुचलंय. आधी नाही म्हणणारे वडीलच पुढे तिला शिक्षकांकडे नेतात. कविता असल्याने ते मोठ्यानेच वाचा, टेबलावर ताल धरून.

तिन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. अडेल तिथे मराठीत सांगत सोबत वाचलीत तर उत्तम. सुरुवात झोईपासून करा. मिलोची गोष्ट थोडी नंतर, कारण ती पुढे नामवंत झाली आणि आत्ता तुमच्या मुलीला आणखी एका नामवंताची गरज नाही.

आणि एक कळकळीची विनंती. पुस्तक संपल्याबरोबर 'मग आता बसतेस का रियाजाला?' असं विचारू नका. हा प्रश्न एकदा ऐकला की पुढचं पुस्तक ती उघडणारच नाही.