रक्त पातळ करायची गोळी बंद करू का?

प्रश्न: डॉक्टर, माझे वडील ६८ वर्षांचे आहेत, हृदयाची झडप बदललीय, मेटलची, तेव्हापासून वॉरफरिन रोज चालू आहे. पंधरा दिवस झाले ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतंय, हातावर काळेनिळे डाग उठतात आणि कुठे आपटलं ते त्यांना आठवतही नाही. काल नाकातून रक्त आलं ते अर्धा तास थांबेना. घरातले म्हणतात गोळीच बंद करा. बाकी काही नाही, गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक घेतात तेवढंच.

उत्तर: ताई, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मेटलच्या झडपेवर गुठळी धरली आणि तिथून मेंदूत गेली तर पॅरालिसिस होतो. पण घरी बसून वाटही बघू नका, आजच त्यांना दवाखान्यात न्या, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, आकडा जितका जास्त तितकं रक्त पातळ) आणि हिमोग्लोबिन करून घ्या, आणि आजचा डोस द्यायचा की नाही ते डॉक्टरांनाच ठरवू दे. अशा झडपेला आयएनआर बहुतेक वेळा २.५ ते ३.५ च्या आसपास ठेवतात, कुठली झडप आहे त्यावर थोडं कमीजास्त.

तुम्ही 'तेवढंच' म्हणून जे शेवटी लिहिलंत ना, मला तीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकली. रक्त थांबताना आधी प्लेटलेट्स जाऊन भोक बुजवतात आणि मग त्यावर घट्ट जाळी विणली जाते. वॉरफरिन ती जाळी कच्ची करतं, डायक्लोफेनॅक प्लेटलेट्सना ढिलं करतं आणि वर पोटाच्या आतल्या अस्तराला जखमा करतं, म्हणजे दोन्हीकडून मार. डायक्लोफेनॅक आजपासून बंद. मधे एखादी अँटिबायोटिक झाली का, जेवण कमी झालंय का, हेही आठवून सांगा, त्यानेही आयएनआर चढतो.

आणि त्यांना शी कशी होते ते स्पष्ट विचारा, मोठी माणसं लाजून सांगत नाहीत. माझे एक पेशंट आठवडाभर गप्प राहिले, जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा आले, नखं अगदी पांढरीफटक. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी म्हणजे पोटात रक्त जातंय, त्याच क्षणी इमर्जन्सीत जायचं. आयर्नच्या गोळीनेही शी काळी होते पण अशी चिकट नसते. डोक्याला मार लागला तरी तसंच, माणूस ठीक बोलतोय म्हणून थांबू नका.

नाकातून परत आलं तर डोकं मागे टाकायचं नाही, रक्त घशात उतरतं. पुढे वाकून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून १५ मिनिटं सलग दाबा, मधेच सोडून बघायचं नाही. तरी थांबलं नाही तर निघा.

गुडघ्याला पॅरासिटामॉल चालतं पण किती आणि किती दिवस ते विचारून घ्या, रोज भरपूर घेतलं तर त्यानेही आयएनआर वाढतो. जाताना घरातल्या त्यांच्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं एका पिशवीत घालून न्या, नावं सांगण्यापेक्षा ते बरं.