पावतीवर विषय नसतो

«ताई, मी दारव्हा तालुक्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तत्त्वज्ञान घेतलंय, पुढे एम.ए. करायचंय. मैत्रिणी 'कीर्तनकार होतेस का' म्हणून हसतात. बाबांचं एकच, 'नर्सिंगले जा.' त्यांना काही समजतच नाही. या विषयाला खरंच स्कोप आहे का? घरी मी अर्थशास्त्र सांगितलंय. फीच्या पावतीवर विषय नसतो म्हणून बरं.»

पोरी, स्कोपचं आधी उरकते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेता येतो, 500 गुणांचा. नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर तर सगळ्यांनाच असतो. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. आहे. प्राध्यापकीला एम.ए. अन् नेट-सेट लागतं, पण जागा निघतील तेव्हा निघतील. त्या भरवशावर बसू नको.

आता पावती. ते वाक्य तू शेवटी, जाता जाता टाकलंस, आणि मी तिथंच अडकले. बाप कापूस विकून फी भरतो अन् तू 'बरं' म्हणतेस? त्यांना समजत नाही म्हणे! समजायला तू ठेवलंस काय?

न्यायदर्शनातलं अनुमान, म्हणजे खुणेवरून न दिसणारं ओळखणं, शिकली असशील. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथं आग आहे. जिथं धूर तिथं आग, जसं स्वयंपाकघरात. तू हे पेपरात लिहून गुण घेतेस. बाबा वावरात रोज तेच करतात. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, डोमकळी (पाकळ्या मिटूनच राहिलेलं फूल) दिसली की फूल न उकलता सांगतात, आत गुलाबी अळी आहे. खूण पाहून कारणापर्यंत जाणारा माणूस आहे तो, आणि त्याच्यापुढे तू खोटी खूण ठेवलीस. त्यालाच तुझा विषय पटवता येत नसेल, तर उद्या मुलाखतीत काय मांडशील?

आज रात्री जेवणं झाली की त्यांच्याजवळ बस. आईला मध्ये घालू नको. आधी खोटं बोलल्याचं सांग, मग विषयाचं नाव, मग तो का घेतला ते. यूपीएससी अगदी शेवटी काढ, नाहीतर त्यांना वाटेल पोट्टी कलेक्टरकीचं गाजर दाखवते. ते चिडतील. 'दोन साल फसवलं' म्हणतील. फसवलंच आहेस, तिथं वाद घालू नको.

आणि जाताना ती पावती घेऊन जा. मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं 'तत्त्वज्ञान' लिही अन् त्यांच्या हातात दे.