कारण आधी, वागणं नंतर

प्रश्न : मी हौसेने कथा लिहिते. माझा ११ वर्षांचा भाचा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. त्याच्यासारख्या एका मुलाची कथा लिहिली, ती सोबत पाठवते आहे. ज्यांनी वाचली त्यांचे डोळे भरून आले, पण बोलले सगळे एकच : ‘बिचारं पोर! आणि आईची खरंच कमाल.’ मला हे नको होतं. कथा वाचून अशा माणसांबद्दल खरोखर काही समजतं का, की वाचक नुसता रडून मोकळा होतो?
– एक वाचक

उत्तर : कथा लक्षपूर्वक वाचली. मुलावरची तुमची माया ओळीओळीत आहे. तरी वाचक ‘बिचारं’वरच थांबले, याचं कारण सभागृहाच्या प्रसंगात सापडतं. टाळ्या सुरू होतात, मुलगा किंचाळतो, खुर्चीखाली शिरतो, लोक माना वळवून बघतात, आई ओशाळून त्याला बाहेर नेते. मग पानभर आईचं मन. या सगळ्यात वाचक कुठे बसलाय? आधी माना वळवणाऱ्यांत, नंतर आईजवळ. मुलापाशी एकदाही नाही. मग त्याला आईचंच कौतुक वाटणार.

हाच प्रसंग मी असा लिहून पाहिला :

‘पुढच्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्या मागच्यांनी. मग त्यांच्याही मागच्यांनी. आवाज एकेक रांग ओलांडत त्याच्याकडे येत होता, आणि तो कधी थांबणार हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. खुर्चीखाली जागा होती.’

यात किंचाळी नाही, निदान नाही, डॉक्टर नाही. पण खुर्चीखाली जाणं आता वाचकाला विचित्र वाटणार नाही, कारण दुसरं काय करायचं हे त्यालाही सुचलेलं नाही. वागण्यामागचं कारण त्याला आधी कळलं, वागणं नंतर दिसलं. प्रत्यक्षात हा क्रम जवळजवळ कधीच मिळत नाही. तिथे आधी वागणं दिसतं, मत बनून जातं, आणि कारण ऐकायला कुणी थांबत नाही.

माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. घरी कुणी आलं की त्याचा पहिला प्रश्न : ‘तुम्ही किती वाजता जाणार?’ येणाऱ्याचा चेहरा उतरतो. भावाला त्यांना घालवायचं नसतं. संपण्याची वेळ कळली की तेवढा वेळ तो निवांत बसतो, गप्पा मारतो. कळली नाही तर त्याचं सगळं लक्ष घड्याळाकडे. दारात उभ्या माणसाला हे मी कसं समजावणार? कथेत मात्र त्या प्रश्नाआधीची सगळी दुपार लिहिता येते.

आता तुमची मूळ शंका. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात किड आणि कास्तानो यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साहित्यिक कथांचे उतारे वाचल्यावर दुसऱ्याच्या मनातलं ओळखायची क्षमता थोडी वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याचा बराच गाजावाजा झाला. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. त्यामुळे एक कथा वाचली आणि माणूस बदलला, असं मी म्हणणार नाही. मला तर त्यातली मोजपट्टीच अपुरी वाटते. त्यातल्या एका चाचणीत नुसत्या डोळ्यांचे फोटो बघून भाव ओळखायचे असतात. माझा भाऊ फार खूश असला की छताकडे बघत बसतो. त्याचे डोळे बघून कुणाला काय कळणार? जिथे चेहरा वाचून काही हाती लागत नाही, तिथेच कथेचं काम सुरू होतं.

समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. ही अडचण दुहेरी आहे, असं त्यांनी २०१२ मध्ये मांडलं : स्वमग्न माणसाला इतरांचं मन कळत नाही म्हणतात, पण इतरांना तरी त्याचं कुठे कळतं? हे पटलं की लिहिणं बदलतं. तुमच्या कथेतल्या काकू ‘लवकरच निघू’ असं म्हणून तासभर बोलत बसतात. त्या मुलाच्या नजरेतून दाखवा, आणि कोण विचित्र आहे ते वाचकाला ठरवू द्या.

मुलाला गणितात अचाट गती दिली आहे, ती काढून टाका. १९८८च्या ‘रेन मॅन’ या चित्रपटापासून हा साचा पडून गेला आहे. माझ्या भावालाही लोक विचारतात, ‘याला काय विशेष येतं?’ त्याला काही विशेष येत नाही. तो चिकट आहे, पत्त्यांत हरला की रुसतो, आणि माझ्यावर त्याचा जीव आहे. तुमच्या मुलालाही हट्ट, खोडी, एखादा खोटेपणा द्या. प्रेमाने माणूस गुळगुळीत केला की त्याची कीवच येते.

शेवटचा परिच्छेदही नको. तिथे तो प्रथमच आईच्या डोळ्यांत बघतो आणि सगळं सार्थकी लागतं. म्हणजे इतका वेळ त्याने जे केलं ते कमी होतं, असा अर्थ निघतो.

आणि कथा कुठेही पाठवण्याआधी भाच्याला वाचून दाखवा, त्याला हवी असेल तर. ‘असं नसतं’ म्हणाला, तर कसं असतं ते विचारा. बोलायला जड जात असेल तर लिहून किंवा चित्र काढून सांगू द्या, आणि त्याप्रमाणे बदल करा.