स्पेनच्या सहलीत कोर्दोबाच्या मशीद-कॅथेड्रलसाठी अर्धा दिवस काढावा का? मशीद बघावी की चर्च?

नक्की काढा. सेव्हियाहून वेगवान रेल्वेने पाऊण तासात कोर्दोबा येतं. आत मात्र दोन तास तरी हाताशी ठेवा.

‘मशीद की चर्च’ हा प्रश्न मी तर दारातच सोडला असता. संत्र्यांच्या अंगणातून आत गेलात की समोर सर्वात जुना भाग आहे, इथला मुस्लिम अमीर पहिल्या अब्द अल-रहमानने 785 च्या सुमारास सुरू केलेला. तिथे थांबून खांब बघा. बरेचसे जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (मुस्लिमांआधी स्पेनवर राज्य करणारे ख्रिस्ती) इमारतींमधून आणलेले, त्यामुळे दगडाचा रंग वेगळा, माथ्यावरचं कोरीवकामही वेगळं. खांब बुटके आणि छत तर उंच हवं, म्हणून कमानीच्या वर दुसरी कमान चढवली. लाल वीट आणि फिकट दगड यांचे ते सुप्रसिद्ध पट्टे या दुहेरी कमानींवरच आहेत.

तसेच सरळ चालत राहा, म्हणजे मशीद ज्या क्रमाने वाढली त्याच क्रमाने तुम्ही पुढे जाल. टोकाला खलिफा दुसऱ्या अल-हकमच्या काळातला, दहाव्या शतकातला मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा. त्यावरच्या सोनेरी-निळ्या मोझॅकसाठी काचेचे तुकडे आणि कारागीर कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती बायझंटाइन सम्राटाने पाठवले, असं अरबी इतिहासकार सांगतात. मशिदीतली सर्वात देखणी जागा सजली ती ख्रिस्ती बादशहाच्या मदतीने! उलट चौदाव्या शतकात ख्रिस्ती राजांनी आपल्या पूर्वजांसाठी इथेच चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, बांधलं, त्याचं नक्षीकाम मुस्लिम शैलीतलं.

1236 मध्ये कास्तीलचा ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्नांडोने शहर जिंकलं आणि मशिदीचं कॅथेड्रल झालं. मधोमध उभं असलेलं उंच चर्च मात्र 1523 नंतरचं. त्यासाठी खांबांच्या रांगा पाडायला शहराच्या नगरसभेचाही विरोध होता, पण सम्राट पाचव्या चार्ल्सने परवानगी दिली. मला ती तोडफोड आजही मनापासून खटकते. तरीही चर्च म्हणून वापर चालू राहिला म्हणूनच बाकीची मशीद वाचली असावी, असंही वाटतं.

आज इथे रोज मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, होते. मुस्लिमांना नमाज पढायची परवानगी नाही. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ एकट्यादुकट्या प्रवाशांना प्रवेश मोफत असतो. जाण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर वेळ तपासा आणि जमलं तर तेव्हाच जा, कारण मोठे गट त्यानंतर येतात.