स्वॅप भरला की ग्राफिक्सची मेमरी का सुटत नाही?

प्रश्न : लिनक्स लॅपटॉप, ८ जीबी रॅम, ५१२ एमबी स्वॅप (रॅम आटल्यावर वापरायची डिस्कवरची जागा), प्रोसेसरमधलेच इंटेल ग्राफिक्स. ‘टॉप’ या आदेशाने दिसणाऱ्या प्रोसेसच्या मेमरीची बेरीज ५ जीबीच्या आत असतानाही कर्नल (लिनक्सचा गाभा) ब्राउझर बंद पाडतो. उरलेली रॅम जाते कुठे?

उत्तर : बहुधा ग्राफिक्स बफरांत, म्हणजे चित्रांचा डेटा ठेवायच्या जागांत. वेगळी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) नसल्याने ते रॅममध्येच राहतात, पण ‘टॉप’च्या रेस रकान्यात (प्रोसेसने व्यापलेली रॅम) बहुतेक दिसत नाहीत. ‘फ्री’ आदेशातला शेअर्ड रकाना पाहा (त्यात टेंपएफएसच्या, म्हणजे मेमरीतच ठेवलेल्या, फाइलीही मोजल्या जातात).

रॅम आटली की कर्नल ड्रायव्हरच्या श्रिंकरला (मेमरी मोकळी करणाऱ्या भागाला) पाने, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, मागतो. मेसा ही ग्राफिक्स लायब्ररी वापरून झालेले काही बफर पुढच्या कामासाठी राखून ठेवते आणि त्यांवर ‘गरज नाही’ अशी खूण करते. ते थेट टाकून देता येतात, स्वॅप लागत नाही. बाकीच्या बफरांतला मजकूर मात्र जपायचा असतो, तो स्वॅपमध्येच जाऊ शकतो. म्हणून इंटेलचा आय९१५ ड्रायव्हर आधी स्वॅपमध्ये जागा आहे का ते पाहतो. जागा शून्य असेल, तर खूण नसलेल्या बफरांना तो हातच लावत नाही. पडद्यावर या क्षणी दिसत असलेला बफर तर स्वॅप असूनही हलत नाही.

तुमचा स्वॅप किती तोकडा आहे ते बघा : ३८४०×२१६० चित्राला, पिक्सेलमागे ४ बाइट धरून, सुमारे ३२ एमबी लागतात. असे १६ बफर स्वॅपमध्ये गेले की ५१२ एमबी संपले, आणि त्याच जागेवर इतर प्रोग्रामांचाही हक्क असतो. मग ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस बंद पाडणारा कर्नलचा भाग) प्रोसेस निवडतो. ही निवड अनेकदा चुकते, कारण बफरांचा भार प्रोसेसच्या हिशेबात नीट धरला जात नाही.

स्वॅपिनेस (कर्नलने स्वॅप किती सढळ वापरावा ते ठरवणारे मूल्य) वाढवून इथे काही साधत नाही. भरलेला स्वॅप भरलेलाच राहतो. ४ जीबीची स्वॅप फाइल करा : ‘डीडी’ने सलग लिहा, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा, मग ‘एमकेस्वॅप’ने ती तयार करा, ‘स्वॅपऑन’ने चालू करा आणि दर वेळी आपोआप चालू व्हावी म्हणून एफएसटॅब फाइलमध्ये नोंद करा. झीरॅम (रॅममध्येच पाने दाबून ठेवणारा स्वॅप) जोडलात तर त्याची प्रायॉरिटी फाइलपेक्षा जास्त, समजा १००, ठेवा. फक्त झीरॅमवर विसंबू नका. दाबून ठेवलेली पानेही रॅमच खातात, आणि आधीच दाबलेली चित्रे फारशी आकसत नाहीत.

प्रश्न : वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर?

उत्तर : व्हीरॅम भरली की बफर आधी रॅममध्ये येतात, तिथे ताण आला तर स्वॅपमध्ये. खरी अडचण सस्पेंडच्या वेळी येते : कार्डाची वीज जाणार म्हणून व्हीरॅममधला मजकूर रॅममध्ये हलवावा लागतो. तेवढी जागा नसेल तर सस्पेंड फसतो.