गोल्फचा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी), ७ नंबर आयर्न (मधल्या अंतराची) आणि वेज (जवळच्या, उंच फटक्याची) : प्रत्येक क्लबला चेंडूची जागा बदलायची का? पाय किती फाकवायचे?

बदलायची, पण तुम्हाला सांगितली असेल तितकी नाही. दर क्लबला चेंडू थोडा थोडा मागे सरकवत वेजला थेट उजव्या पायापाशी आणायचा, हे शिकवणंच चूक आहे. माझा एक अख्खा हिवाळा त्यात गेला.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला. पोरवयात नागपूरकडच्या एका मैदानावर बॅगा उचलल्या, तिथेच नाद लागला. पुढे पैसे साठवून शहरातल्या एका कोचकडे तीन दिवस शिकायला गेलो. त्यांनी वेजचा चेंडू उजव्या अंगठ्यासमोर ठेवायला लावला. फटका खालूनच जायचा, चेंडू ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, टप्पा घेऊन पार पलीकडे पळायचा. शंका काढली तर सगळ्यांसमोर म्हणाले, "आधी नीट उभं राहायला शिक."

गावी आलो. पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालेलं, काळी जमीन वाळून दगड. अशा जमिनीवर क्लब चेंडूच्या आधी टेकला की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. सरावाच्या मॅटवर हीच चूक लपून जाते. जमिनीवर खूण उमटेना, म्हणून चुन्याची रेघ मारली आणि चेंडू न ठेवता क्लब फिरवून चुना कुठे खरवडला जातो ते पाहत बसलो. रेघ डाव्या टाचेच्या दोन-तीन बोटं आत घेतली आणि वजन डाव्या पायावर आलं, की ७ नंबर असो की वेज, चुना रेघेवर आणि रेघेच्या पुढेच उडायचा. बाबा धुऱ्यावर बसून बघत होते. म्हणाले, "गोटी तं थेच हाय बाप्पा, तुहा उजवा पाय सरकून राह्यला."

तेच उत्तर आहे. वेजला पाय जवळ येतात, मधे जेमतेम एक बूट बसेल इतकी फट राहते, म्हणून चेंडू मधोमध दिसतो. ७ नंबरला उजवा पाय थोडा लांब. ड्रायव्हरला पाय खांद्यांइतके फाकवा आणि चेंडू थेट डाव्या टाचेच्या रेषेत घ्या, टीवर (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवर) असा की अर्धा चेंडू क्लबच्या वर दिसेल. कारण आयर्नचा घाव उतरताना बसायला हवा, ड्रायव्हरचा चढताना. अमेरिकेचे दिग्गज गोल्फर जॅक निकलसही चेंडू डाव्या टाचेपाशीच ठेवून उजवा पाय हलवायला सांगत आले, आणि त्यांच्या नावावर १८ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं, आहेत.

डावखुरे असाल तर सगळं उलटं वाचा. वाऱ्याविरुद्ध मुद्दाम खालून मारायचा असेल तर चेंडू मागे घेणं बरोबरच. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, उलट पुढे. पण साध्या वेजला कोणी उजव्या पायाकडे बोट दाखवलं, तर तिथेच चुन्याची रेघ मारा आणि आधी त्यांनाच क्लब फिरवायला सांगा.