एल्कच्या शिकारीसाठी शिशाची गोळी घ्यावी की तांब्याची?

आपण अमेरिकेतील मोंटाना राज्यात राहता, यंदा प्रथमच एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना मिळाला आहे, आणि थर्टी-ओ-सिक्स काडतुसाच्या रायफलीसाठी तांब्याच्या महाग गोळ्या घेणे खरोखर आवश्यक आहे का, असे आपण विचारले आहे. नाशिकमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने येथे शिकारीला बंदी आहे. परंतु नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना मी दोन्ही प्रकारच्या गोळ्या वापरल्या आहेत, आणि माझे मत तांब्याच्या बाजूने आहे.

मुख्य कारण मांसाचे आहे. शिशाची गोळी हाडावर किंवा स्नायूंवर आदळली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर पसरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, चावताना जाणवत नाहीत, एक्स-रे काढल्यावर मात्र पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात. त्यामुळे जखमेभोवतीचे मांस कापून टाकले म्हणजे काम झाले, हा समज फसवा आहे. घरात लहान मुले असतील, तर शिशाचे सुरक्षित प्रमाण कोणतेही नाही, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. तांब्याची गोळी पाकळ्यांसारखी उमलते आणि बहुतेक सारे वजन राखून आरपार जाते.

दुसरे कारण रानात टाकून दिलेल्या आतड्यांचे. ती खाणाऱ्या गरुडांना आणि कॉंडॉर गिधाडांना शिशाची विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी केली, ती प्रामुख्याने याच कारणाने. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने आपल्याकडची गिधाडे कशी संपत गेली, हे ज्याने नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांखाली ऐकले असेल, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता अडचणी. तांब्याची घनता घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम, तर शिशाची ११.३४ ग्रॅम असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. म्हणून १८० ग्रेनऐवजी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) १५० किंवा १६५ ग्रेनची घ्यावी. वेग सेकंदाला सुमारे २,००० फुटांच्या खाली गेल्यास बऱ्याच तांब्याच्या गोळ्या नीट उमलत नाहीत, त्यामुळे फार लांबून बार टाकू नये. एकच ब्रँड सर्व रायफलींना मानवत नाही. दोन-तीन ब्रँडची एकेक पेटी आणून, नळी आधी स्वच्छ करून, मैदानावर नेम नव्याने बसवावा. शिशाच्या गोळीवर बसवलेला नेम तांब्याला लागू पडेलच असे नाही.